एका दिवसाचे अंतर : बेहाल्याचा रस्ता आणि सायकलभ्रमणाचा इतिहास

सायकलीवरून केलेल्या प्रवासांपैकी कोणते अंतर स्मरणात ठेवायचे, हे प्रत्येक समाज आपापल्या परिस्थितीनुसार ठरवत असतो. बंगालने स्मरणात ठेवली ती जगप्रदक्षिणा. १९२६ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलपासून निघालेले चार तरुण किंवा त्यानंतर पाच वर्षांनी सिंगापूरहून निघालेले रामनाथ विश्वास ही नावे बंगाली वाचकाला परिचयाची असतात, आणि मुंबईनेही आपल्या पारशी सायकलस्वारांची आठवण अशीच जपली आहे. फ्रान्समध्ये याच्या जोडीला आणखी एक अंतर इतिहासात शिरले आणि तेथे ते अधिक खोल रुजले. सकाळी घरून निघावे, शेतशिवारातून आणि खेड्यापाड्यांतून शंभरेक किलोमीटर हिंडावे, वाटेत जेवावे आणि दिवेलागणीपर्यंत परतावे, अशा एका दिवसाच्या भ्रमंतीला तेथे नियतकालिके मिळाली, संस्था मिळाल्या, नियम आणि पदकेही मिळाली. दोन्हीकडच्या माणसांची सायकलीवरची प्रीती सारखीच होती, यंत्रही बहुतांशी सारखेच होते; तरीही एकीकडे दिवसभराची फेरी हा लोकरिवाज झाला आणि दुसरीकडे ती नोंद न होता विरून गेली, याची कारणे रस्ता, रजा आणि संस्था या तीन गोष्टींत शोधावी लागतात. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला असलेले बेहाला हे अशा शोधासाठी विशेष योग्य ठिकाण आहे, कारण शहरातून दक्षिणेच्या ग्रामीण भागाकडे, म्हणजे हुगळी नदीच्या मुखाकडे, जाणारी मुख्य वाट याच वस्तीतून जाते.

ही वाट म्हणजे डायमंड हार्बर रोड होय. खिदिरपूरकडून निघून माझेरहाट, तारातला, बेहाला चौरस्ता, सखेरबाजार, ठाकूरपुकुर आणि जोका अशी ठिकाणे ओलांडत तो पैलान, आमतला, सिराकोल आणि सरिषामार्गे डायमंड हार्बरला नदीकाठी पोहोचतो. बेहाला चौरस्त्यापासून डायमंड हार्बर सुमारे चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर भरते, म्हणजे जाऊन-येऊन होणारे अंतर सरावलेल्या सायकलस्वाराच्या एका दिवसात आरामात बसते. वाट सपाट आहे, कारण सारा प्रदेश नदीने आणलेल्या गाळाचा आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरे, तळी आणि नारळ-सुपारीची झाडे असा बंगालच्या त्रिभुज प्रदेशाचा नेहमीचा देखावा जोक्यापलीकडे अजूनही दिसतो.

या टापूचा इतिहास कोलकात्याहून जुना आहे. बेहाल्याच्या बडिशा भागात साबर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याचे ठाणे होते, आणि सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला १३०० रुपयांना देणारा करार या घराण्याने १० नोव्हेंबर १६९८ रोजी केला, तो येथील आटचाला नावाच्या वास्तूत झाल्याचे सांगितले जाते. पुढे १७५६ च्या जूनमध्ये सिराज-उद्दौल्याने कोलकाता जिंकले तेव्हा पळालेले इंग्रज याच दिशेला, हुगळीच्या काठच्या फलता येथे, आश्रयाला राहिले, आणि वर्षअखेरीस क्लाइव्ह व वॉटसन यांच्या कुमकेने तेथूनच शहर परत घेण्यासाठी कूच केले. म्हणजे महानगराच्या जन्माचे आणि पुनर्विजयाचे दोन्ही प्रसंग या दक्षिण वाटेशी जोडलेले आहेत. असे असूनही प्रशासकीय दृष्टीने बेहाला दीर्घकाळ शहराबाहेरच राहिले. साउथ सबर्बन म्युनिसिपालिटी नावाच्या वेगळ्या नगरपालिकेकडे त्याचा कारभार होता आणि कोलकाता महानगरपालिकेत त्याचा समावेश १९८४ मध्येच झाला. शहर आणि खेडे यांच्या सीमेवरची ही जागा होती, आणि दिवसभराच्या सायकलभ्रमंतीला नेमकी अशीच सीमा लागते.

फ्रान्समध्ये ही सीमा ओलांडणे सोपे झाले त्याचे श्रेय सायकलीच्या जन्माआधीच्या काळाला द्यावे लागते. अठराव्या शतकात तेथील राजसत्तेने कॉर्व्हे या पद्धतीने, म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीने व बिनमोल घेतलेल्या श्रमाने, मोठे राजमार्ग बांधून घेतले. ही पद्धत क्रांतीच्या काळात नाहीशी झाली, मात्र तिने बांधलेले रस्ते राहिले. सायकलस्वाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा ठरला तो २१ मे १८३६ चा ग्रामरस्त्यांचा कायदा. या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीवर, म्हणजे तेथील कोम्यूनवर, गावाला गाव जोडणारे रस्ते राखण्याची जबाबदारी टाकली, त्यासाठी रहिवाशांना वर्षातून तीन दिवसांपर्यंत श्रम किंवा त्याच्या मोबदल्यात पैसे द्यावे लागत. ठरावीक लांबीचा पट्टा एकेका माणसाकडे सोपवला जाई. त्याला कांतोनिए म्हणत, आणि खड्डा पडला की खडी टाकून तो भरणे, पाण्याच्या चाऱ्या मोकळ्या ठेवणे हे त्याचे रोजचे काम असे. परिणामी १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायटे लावलेली दुचाकी बाहेर पडू लागली, तेव्हा तिला धावायला केवळ राजमार्गच नव्हे, तर द्राक्षमळ्यांतून आणि गव्हाच्या शेतांतून वळणारे, वाहतूक फारशी नसलेले असंख्य टणक रस्ते तयार होते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ओलिव्हिए बंधू आणि त्यांचा एक मित्र अशा तिघांनी पॅरिसहून आव्हिन्याँपर्यंत या बोजड, लोखंडी धावेच्या वाहनावरून मजल मारली. सायकलीवरच्या दूरच्या भ्रमंतीचा हा आरंभ मानला जातो.

बंगालमध्ये रस्त्याची कथा वेगळी आहे, आणि तिचे पहिले कारण भूगोलात आहे. गाळाच्या या प्रदेशात दगड मिळत नाही, म्हणून पक्क्या रस्त्यासाठी भाजलेल्या विटा फोडून केलेला खोवा अंथरावा लागतो. तो बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली लवकर भुगा होतो आणि पावसाळ्यात वाहून जातो. ग्रामीण रस्त्यांसाठी १८७१ च्या कायद्याने रस्तापट्टी बसवली गेली आणि १८८५ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा बोर्ड स्थापन झाले, तथापि बोर्डांच्या तुटपुंज्या पैशातून मुख्य रस्ते राखले गेले तरी गावोगावचे रस्ते कच्चेच राहिले, आणि आषाढापासून अश्विनापर्यंत ते चिखलात बुडत. खाड्या व नद्या ओलांडायला होडीच लागे. अशा प्रदेशात सायकलस्वाराला एकच मोठी सडक धरून सरळ जाता येई. फ्रान्समधल्यासारखे एका गावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वळत-वळत हिंडता येत नसे. भ्रमंतीचा आनंद या वळण्यातच असतो, हे ध्यानात घेतले तर फरक केवढा मोठा होता ते कळते.

दोन्ही देशांचे रस्ते एकाच वाहनावरून पाहिलेला एक प्रवासी सुदैवाने इतिहासात आहे. टॉमस स्टीव्हन्स हा उंच पुढच्या चाकाच्या सायकलीवरून जगप्रवास करणारा पहिला माणूस १८८५ मध्ये दिएपच्या बंदरात उतरून नॉर्मंडी आणि पॅरिसमार्गे जर्मनीकडे गेला, आणि पुढच्या वर्षी पंजाबातून ग्रँड ट्रंक रोड धरून थेट कोलकात्याला आला. उत्तर हिंदुस्थानात कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, अंथरून बांधलेली ही सडक तिच्या काळातील उत्तम रस्त्यांत गणली जाई. त्याच्यामागून १८९० च्या दशकात आलेले फ्रेझर, लन व लो हे तीन इंग्रज सायकलस्वारही हिंदुस्थान ओलांडून कोलकात्यालाच पोहोचले. या सगळ्यांच्या दृष्टीने कोलकाता हे आडव्या प्रवासाचे टोक होते, तेथून पुढे बोट पकडायची असे. शहराच्या दक्षिणेला वळून एक दिवस घालवण्याचे कारण त्यांच्यापुढे नव्हते, आणि बेहाल्याचा रस्ता त्यांच्या नोंदींबाहेर राहणे स्वाभाविक होते.

खुद्द कोलकात्यातील बंगाली समाजात सायकलीचा प्रसार मात्र विद्वानांच्या आणि डॉक्टरांच्या वर्तुळातून झाला. केशतेल व सुगंधी द्रव्यांचे उत्पादक आणि ध्वनिमुद्रणाचे एक आद्य भारतीय प्रवर्तक हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला भारतीय मालकीचे सायकलीचे दुकान काढले. जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि डॉक्टर नीलरतन सरकार यांना सायकल चालवायला त्यांनीच शिकवले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणि रुग्णांच्या घरी जायला उपयोगी पडणारे हे नवे यंत्र सुशिक्षित बंगाली मध्यमवर्गाने आपुलकीने स्वीकारले, आणि आयात सायकली वाढत गेल्या तशी ती टपालखात्यात, पोलिसांत आणि कचेऱ्यांतही शिरली. सहलीसाठी ती वापरली गेली नसेल असे नाही, परंतु त्या सहलींना मंडळ मिळाले नाही, मासिक मिळाले नाही, आणि म्हणून स्मृतीही मिळाली नाही.

याच काळात फ्रान्समध्ये जे घडत होते ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १८९० मध्ये इंग्लंडमधील नमुन्यावरून तूरिंग क्लब द फ्रान्स ही संस्था स्थापन झाली. तिने चढ-उतारांची व धोक्याच्या वळणांची सूचना देणारे फलक रस्त्यांवर उभे केले, सभासदांसाठी नकाशे व वाटांची वर्णने छापली, आणि खेड्यांतील खाणावळींच्या मालकांच्या मागे लागून खोल्या स्वच्छ, पांढऱ्या रंगाच्या व जड पडद्यांविना ठेवण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी मिशलँ बंधूंनी चाकापासून वेगळे काढता येणारे हवेचे टायर बाजारात आणले, ज्यामुळे वाटेत पंक्चर काढणे हे काही तासांऐवजी काही मिनिटांचे काम झाले. १८९३ मध्ये सरकारने प्रत्येक सायकलीवर वार्षिक दहा फ्रँकांचा कर बसवला. या करामुळे सायकलींची मोजदाद होऊ लागली आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती पस्तीस लाखांच्या घरात गेल्याचे दिसून आले. जी गोष्ट मोजली जाते तिच्याकडे शासनाला दुर्लक्ष करता येत नाही, त्यामुळे कर भरणाऱ्या सायकलस्वारांना रस्त्यावर हक्काने बोलण्याचा आधारही मिळाला.

या साऱ्यात एका माणसाचे काम वेगळे उठून दिसते. पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा रेशमाच्या व्यापारातून बाहेर पडून सँत-एत्येन या औद्योगिक गावात सायकलीचा धंदा करू लागला आणि १८८७ मध्ये त्याने ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक सुरू केले, त्यात तो व्हेलोसिओ या नावाने लिहीत असे. सँत-एत्येनच्या भोवती डोंगर आहेत, आणि एकाच गिअरच्या सायकलीवरून ते चढणे म्हणजे छाती फोडून घेणे होते. म्हणून चढावर हलके आणि सपाटीवर जड असे वेगवेगळे दाब देणाऱ्या गिअरांचे प्रयोग त्याने आयुष्यभर केले. शर्यतींचे सूत्रधार आंरी देग्रांज यांना हे गिअर शरीराला लाडावणारे वाटत, आणि ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत त्यांना १९३७ पर्यंत बंदी होती. व्हेलोसिओचा दृष्टिकोन उलटा होता. सायकल शर्यत जिंकण्यासाठी नसून देश पाहण्यासाठी व शरीर सुदृढ ठेवण्यासाठी आहे, असे तो मानी, आणि भ्रमंती करणाऱ्यांना त्याने घालून दिलेले नियम आजही उद्धृत केले जातात: थांबे थोडे व छोटे असावेत, भूक लागण्याआधी खावे व तहान लागण्याआधी प्यावे, थकून भूक मेल्याच्या अवस्थेपर्यंत जाऊ नये, प्रवासात तरी दारू, मांस व तंबाखू टाळावे, आणि इतरांना दाखवण्यासाठी कधीही पायटा मारू नये. तो स्वतः शाकाहारी होता. शेवटचा नियम या लेखाच्या विषयाशी सर्वांत निकटचा आहे, कारण एका दिवसाच्या भ्रमंतीला प्रेक्षक नसतात. १९२२ पासून सँत-एत्येनजवळच्या घाटात त्याच्या नावाने दरवर्षी सायकलस्वारांचा दिवस साजरा होऊ लागला. आबालवृद्ध एकत्र तो चढ चढत, कोण पहिला येतो यापेक्षा सगळे वर पोहोचतात याला तेथे महत्त्व असे. १९३० मध्ये आपल्याच गावात ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

हा दृष्टिकोन समोर ठेवून बंगालकडे पाहिले म्हणजे १९२६ च्या मोहिमेचा अर्थ नीट उलगडतो. अशोक मुखर्जी, बिमल मुखर्जी, आनंद मुखर्जी आणि मणींद्र घोष हे चौघे १२ डिसेंबर १९२६ रोजी कोलकात्याहून जगप्रवासाला निघाले. सोबती वाटेत वेगळे झाले तरी बिमल मुखर्जी यांनी प्रवास चालूच ठेवला आणि ते १९३७ मध्ये परतले. त्यांचे ‘दु चाकाय दुनिया’ हे पुस्तक बंगालीतील प्रवासवाङ्मयात मानाचे स्थान मिळवून आहे. सिल्हेट जिल्ह्यातील बानियाचंग गावचे रामनाथ विश्वास १९३१ मध्ये सिंगापूरहून पूर्व आशियाच्या प्रवासाला निघाले, आणि १९३४ मध्ये सुरू केलेल्या दुसऱ्या प्रवासात अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान, बाल्कन देश, जर्मनी, हॉलंड व बेल्जियम ओलांडून फ्रान्समार्गे इंग्लंडला पोहोचले. प्रकृती ढासळल्याने ते १९३६ मध्ये लंडनहून बोटीने मुंबईला उतरले. मुंबईकडे पाहिले तर आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा आणि त्यांचे तीन साथी १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघाले होते, त्यांपैकी या तिघांनी १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोज दावर निघाले.

या प्रवासांमागे साहसाची ओढ होतीच, परंतु तिला राजकीय धार होती. मेकॉलेपासून इंग्रज लेखकांनी बंगाली माणसाला दुबळा, बायकी म्हणून हिणवले होते, आणि १८५७ नंतरच्या लष्करी धोरणाने ‘लढाऊ जमाती’ची जी यादी केली तिच्यात बंगाल्याला स्थान नव्हते. आखाडे, व्यायामशाळा आणि सायकल या साऱ्यांतून बंगाली तरुण त्या आरोपाला उत्तर देत होते, आणि उत्तर जगाला ऐकू जायचे तर ते वाळवंटे व हिमपर्वत ओलांडूनच द्यायला हवे होते. बेहाल्याहून डायमंड हार्बरला जाऊन संध्याकाळी परतल्याने ते दिले गेले नसते. मुंबईचे पारशी तरुणही भारोत्तोलनाच्या मंडळातूनच पुढे आले होते. पराधीन देशातल्या सायकलस्वाराला साक्षीदार हवे होते, आणि ती गरज खरी होती. व्हेलोसिओला परवडणारी निरपेक्षता स्वतंत्र देशाच्या नागरिकाची होती, हे विसरून दोन्हींची तुलना करणे अन्यायाचे होईल.

एका दिवसाची भ्रमंती बंगालमध्ये न रुजण्याचे दुसरे कारण रजेचे आहे. फ्रान्समध्ये लोकाघाडीच्या सरकारने २० जून १९३६ च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. त्या उन्हाळ्यात कारखान्यांतील जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या टँडेम सायकलींवर तंबू बांधून समुद्राकडे व डोंगरांकडे निघाली, आणि तरुणांसाठी उघडलेल्या स्वस्त वसतिगृहांनी त्यांच्या रात्रींची सोय केली. तोवर मध्यमवर्गाची असलेली भ्रमंती त्या वर्षी श्रमिकांची झाली. कोलकात्याच्या कारकुनाची मोठी सुट्टी दुर्गापूजेची असे, आणि ती घालवण्याची रीत रेल्वेने ठरवून दिली होती: सहकुटुंब पश्चिमेकडे, म्हणजे मधुपूर, गिरिडीह, देवघर अशा छोटा नागपूरच्या पायथ्याच्या कोरड्या हवेच्या गावांना, हवापालटासाठी जाणे. मराठी वाचकाला देवघर परिचित असते ते ‘देशेर कथा’ लिहिणाऱ्या सखाराम गणेश देऊसकरांच्या घराण्यामुळे; त्याच गावाच्या वाटेने दर पूजेला बंगाली गृहस्थ ट्रंका आणि बिछाने घेऊन जात होता. हिवतापाने ग्रासलेल्या दमट दक्षिणेकडे, बेहाल्याच्या पुढच्या पाणथळ भागात, सुट्टी घालवण्याची कल्पना त्याला रुचण्यासारखी नव्हती. सुट्टी होती, पण ती कुटुंबाची होती आणि आगगाडीची होती.

स्वातंत्र्यानंतर सायकल विलायती वस्तू राहिली नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स आणि कोलकात्यात इंडिया सायकल मॅन्युफॅक्चरिंग हे कारखाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभे राहिले होते. १९५२ मध्ये सुधीरकुमार सेन यांनी इंग्लंडच्या रॅली कंपनीच्या सहकार्याने आसनसोलजवळ सेन-रॅलीचा कारखाना चालू केला. सायकल स्वस्त झाली आणि कामावर जाण्याचे साधन झाली. तारातल्याच्या कारखान्यांकडे जाणारे कामगार, दूध व मासळी घेऊन येणारे विक्रेते, शिकवण्यांना जाणारी मुले यांच्या पायांखाली ती आली. तिची प्रतिष्ठा याच प्रमाणात उतरत गेली, हे भारतातील जवळजवळ प्रत्येक शहराचे आणि पुण्यासारख्या सायकलींच्या गावाचेही दुर्दैव आहे. डायमंड हार्बर रोडवर ट्राम, बस, मासळीचे ट्रक आणि पुढे मेट्रोचे खांब यांनी जागा घेतली. जोका ते तारातला ही मेट्रो ३० डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली, तत्पूर्वी अनेक वर्षे रस्ता खोदलेलाच होता. त्याआधी २००८ मध्ये कोलकाता पोलिसांनी शहरातील मुख्य रस्त्यांवर सायकलीला मनाई करायला सुरुवात केली होती आणि २०१३ पर्यंत अशा रस्त्यांची संख्या १७४ वर गेली होती. आंदोलने झाल्यावर ती कमी करण्यात आली. विसंगती अशी की, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार घरी सायकल असलेल्या कुटुंबांचे प्रमाण देशात सर्वाधिक, सुमारे ७९ टक्के, पश्चिम बंगालमध्येच आहे, आणि याच राज्याने २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेखाली नववी ते बारावीच्या एक कोटीहून अधिक विद्यार्थ्यांना सायकली दिल्या. राज्य मुलीला सायकल देते आणि राजधानी तिला रस्ता नाकारते, ही धोरणातील फट अजूनही बुजलेली नाही.

एका दिवसाच्या भ्रमंतीचा फ्रेंच रिवाज कोलकात्यात आला तो या परिस्थितीत, आणि तोही वळसा घेऊन. १८९७ मध्ये इटलीतील सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचे २३० किलोमीटर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात पार केले आणि ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, हे नाव घेतले. देग्रांज यांनी १९०४ मध्ये ही प्रथा फ्रान्समध्ये आणली. तीत सर्वांनी नायकाच्या मागे एकाच वेगाने जायचे असे. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पारिझियँ या संस्थेने प्रत्येकाला आपापल्या वेगाने जाण्याची मुभा देणारा प्रकार सुरू केला, आणि आज जगभर चालतो तो हाच. यातील प्रत्येक प्रवासाला ब्रेव्हे, म्हणजे प्रमाणपत्राला पात्र ठरणारी सफर, म्हणतात, आणि ती करणारा तो रांदोनर. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. वाटेतील ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो, अशा ठिकाणांखेरीज बाहेरची मदत चालत नाही, आणि पहिला कोण आला याची गणना होत नाही. व्हेलोसिओचा दाखवण्यासाठी पायटा न मारण्याचा नियम येथे व्यवस्थेत उतरलेला दिसतो.

भारतात ही प्रथा २०१० च्या सुमारास रुजली आणि तिचे केंद्र महाराष्ट्रात राहिले. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी ऑडॅक्स इंडिया या संघटनेद्वारे शहरोशहरी क्लब उभे करण्याचे काम केले. या साखळीचे शिखर असलेली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही १२०० किलोमीटरची सफर १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली आणि १९३१ पासून रांदोनरांसाठी खुली झाली. आता ती चार वर्षांनी एकदा होते आणि सर्वसाधारण मुदत ९० तासांची असते. फुजेर, लूदेआक, कारे अशा गावांतून ब्रिटनीच्या ग्रामीण भागात ती जाते, आणि तेथील शेतकरी कुटुंबे रात्रीबेरात्री रस्त्याकडेला टेबल मांडून अनोळखी स्वारांना कॉफी आणि पातळ गोड धिरडी देतात. २०१९ मध्ये भारतातून तेथे गेलेल्या स्वारांची संख्या शेकड्यांत होती. त्यांपैकी अनेकांना थंडी आणि सततचा चढउतार यांनी मागे टाकले, तरी या टेबलांभोवती त्यांना जे पाहायला मिळाले ते म्हणजे एका समाजाने शंभर वर्षे जपलेले आतिथ्य होय.

कोलकात्यातही आता ब्रेव्हे होतात. २०० किलोमीटरचे अंतर या प्रदेशात किती मोठे आहे हे कळण्यासाठी एवढे सांगणे पुरे की, बेहाल्याहून डायमंड हार्बरच्या दोन पूर्ण फेऱ्या केल्या तरी ते भरत नाही. बहुतेक स्वार पहाट होण्याआधीच निघतात, कारण सात वाजल्यानंतर शहरातून बाहेर पडणे दुरापास्त होते. या स्वारांत संगणक अभियंते, डॉक्टर व शिक्षक यांचा भरणा अधिक आहे. सबुज साथीच्या सायकलीवर शाळेला जाणारी मुलगी आणि गिअरच्या सायकलीवरचा रांदोनर जोक्यापुढे एकाच रस्त्याच्या कडेने जातात, तथापि १९३६ मध्ये फ्रान्समध्ये या दोन वर्गांना एकत्र आणणारे रजेचे आणि वसतिगृहांचे जे धोरण होते, तसे येथे अद्याप काही झालेले नाही.

रस्त्याच्या प्रश्नाला मात्र बेहाल्यात एक उत्तर उपलब्ध होते, आणि त्याचा इतिहास अभ्यासकांच्या दृष्टीतून निसटू नये. मॅक्लिऑड कंपनीने १९१७ मध्ये माझेरहाटहून बेहाला, ठाकूरपुकुर व आमतलामार्गे फलत्यापर्यंत अडीच फुटी अरुंद मार्गाची कालीघाट–फलता रेल्वे सुरू केली. सुमारे ४३ किलोमीटरचा हा मार्ग डायमंड हार्बर रोडच्या जवळून, गावांना शिवत जाई. बसच्या स्पर्धेत टिकाव न लागल्याने तो १९५७ मध्ये बंद झाला, रूळ उखडले गेले, आणि बेहाल्यातील मोकळ्या झालेल्या पट्टीवर रस्ता बांधण्यात आला. ‘नीलदर्पण’ या नाटकाच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशनाबद्दल १८६१ मध्ये तुरुंगवास भोगलेले आणि ठाकूरपुकुरात वास्तव्य केलेले पाद्री जेम्स लाँग यांचे नाव त्याला मिळाले. फ्रान्समध्येही असे शेकडो स्थानिक लोहमार्ग विसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडले. बर्गंडीतील गिव्री ते क्लुनी हा त्यांपैकी एक, ४४ किलोमीटरचा. १९९७ मध्ये त्याच्या पट्टीवर डांबर अंथरून तो केवळ सायकली व पादचारी यांच्यासाठी खुला करण्यात आला. व्हुआ व्हेर्त, म्हणजे हरितमार्ग, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गांपैकी फ्रान्समधला तो पहिला, आणि त्याच्या अनुकरणाने देशभर हजारो किलोमीटरचे जाळे तयार झाले. लांबीने हे दोन लोहमार्ग एकमेकांशी जुळतात. जेम्स लाँग सरणीवर आज मोटारी आणि ऑटोरिक्षांची दुहेरी वाहतूक चालते. सायकलींसाठी तिच्यावर स्वतंत्र पट्टा आखलेला नाही.